सहकाऱ्यांच्या पंगतीत : अन्न आणि अभिप्राय

दक्षिण कर्नाटकातील खेड्यांत दोन परिचित माणसे दुपारच्या वेळी भेटली की ‘ऊट आयिता?’ म्हणजे ‘जेवण झाले का?’ असे एकमेकांना विचारतात. या प्रश्नामागे माहिती मिळविण्याचा हेतू नसतो. क्षेमकुशल विचारण्याची ती एक रीत होय. महाराष्ट्रातही ही रीत अपरिचित नाही. मात्र याच प्रश्नाचे ‘काय जेवलात?’ असे रूपांतर झाले की त्याचा अर्थ किंचित बदलतो, आणि ‘तुमच्यात हे चालते का?’ असे झाले की तो पूर्णपणे पालटतो. पहिल्या प्रश्नात आपुलकी असते, दुसऱ्यात कुतूहल असते आणि तिसऱ्यात समोरच्या माणसाची जात, धर्म किंवा सामाजिक पायरी जाणून घेण्याची इच्छा दडलेली असू शकते.

कचेरी, कारखाना, शाळा, रुग्णालय अशा ठिकाणी रोज एकत्र जेवणाऱ्या माणसांना हे तिन्ही प्रकारचे प्रश्न ऐकावे लागतात. घरातील पंगत एकाच चालीरीतीच्या माणसांची असते. गावातील पंगतही पूर्वी रूढीने ठरविलेली असे. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाशेजारी बसावे, हे रोटीव्यवहाराच्या नियमांनी आधीच निश्चित झालेले असे. आधुनिक नोकरीने मात्र ज्यांच्या पूर्वजांनी एकमेकांसमोर कधी शिदोरी सोडली नव्हती अशा माणसांना एका टेबलाभोवती बसविले. डब्याचे झाकण उघडताच घरातील चुलीची, व्रतवैकल्यांची, ऐपतीची आणि प्रांताची हकीकत सर्वांसमोर येते. त्यावर कोणी तरी काही तरी बोलणारच. अशा बोलण्याला काय उत्तर द्यावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु अनेक माणसांना तो रोजच्या रोज छळतो. कित्येक जण आपला डबा झाकणाआड खातात, कित्येक एकटेच जेवतात, आणि कित्येक जण घरी आवडीने खाल्ले जाणारे पदार्थ डब्यात नेण्याचे सोडून देतात. प्रस्तुत प्रकरणात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

एका गावातील दोन धान्ये

मैसूर जिल्ह्यात तिरुमकुडलु नरसीपूर या तालुक्याच्या गावाजवळ कावेरी आणि कपिला या नद्यांचा संगम आहे. त्याच परिसरात सोसले हे गाव वसले आहे. माध्व संप्रदायाच्या व्यासराज मठाचे पीठ म्हणून हे गाव प्रसिद्ध आहे. ज्यांच्या नावाने हा मठ ओळखला जातो ते व्यासतीर्थ (१४६०–१५३९) विजयनगरच्या सम्राटांना गुरुस्थानी होते. त्यांचे जन्मगाव बन्नूर हे याच तालुक्यात आहे. गंमत अशी की बन्नूरचे नाव आणखी एका कारणाने सर्वत्र पोहोचले आहे. मंड्या किंवा बन्नूर या नावाने ओळखली जाणारी मेंढ्यांची जात मांसाच्या चवीसाठी नावाजलेली आहे. एकाच तालुक्यात एकीकडे सोवळ्याचे कडक नियम पाळणारा मठ, आणि दुसरीकडे उत्तम मटणासाठी ख्यात असलेली मेंढी! भारतातील बहुतेक प्रदेशांची स्थिती याहून वेगळी नाही.

या प्रदेशातील अन्नाची दुसरी विभागणी धान्याची आहे. कालव्याच्या पाण्यावर भात पिकतो. पावसावर अवलंबून असलेल्या जमिनीत नाचणी पिकते. नाचणीला कन्नडमध्ये ‘रागी’ म्हणतात. तिचे पीठ उकळत्या पाण्यात शिजवून, लाकडी दांड्याने घोटून, हाताने वळलेल्या गोळ्याला ‘मुद्दे’ म्हणतात. तो सारात बुडवून, न चावता गिळावयाचा असतो. कष्टकऱ्याचे हे मुख्य अन्न. भात खाणे हे पुष्कळ काळ प्रतिष्ठेचे लक्षण मानले गेले आणि मुद्दे खाणे हे गरिबीचे. महाराष्ट्रात पोळी आणि भाकरी यांच्यामध्ये असाच भेद होता, हे वाचकांना सांगावयास नको.

या भेदावर सोळाव्या शतकातच एका मोठ्या कवीने काव्य रचले, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. कनकदास हे धनगरांच्या कुरुब समाजातील संतकवी परंपरेने व्यासतीर्थांचे शिष्य मानले जातात. त्यांच्या ‘रामधान्यचरिते’ या कन्नड काव्यात तांदूळ आणि नाचणी यांच्यात श्रेष्ठत्वाचा वाद उभा राहतो. तांदूळ नाचणीला हीन लेखतो. आपण देवकार्यात आणि मंगलप्रसंगी लागतो, असा त्याचा तोरा असतो. नाचणीही मागे हटत नाही. आपण दुष्काळात गरिबाला जगवतो, असे ती बजावते. वाद प्रभू रामचंद्रांपुढे जातो. ते कोणाच्याच बाजूने लगेच निवाडा न करता दोन्ही धान्यांना सहा महिने कोठारात बंद करून ठेवतात. मुदत संपल्यावर पाहतात तो तांदूळ खराब झालेला असतो आणि नाचणी जशीच्या तशी असते. राघवाने गौरविलेली म्हणून तिला ‘रागी’ हे नाव मिळाले, असे काव्यात सांगितले आहे.

या कथेचा एक अर्थ स्पष्ट आहे : ज्याला हीन म्हटले तेच टिकले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने दुसरा अर्थ अधिक उपयोगी आहे. तांदूळ आणि नाचणी यांच्या वादावादीने काहीच सिद्ध झाले नाही. अपमानाला आत्मप्रशंसेने दिलेले उत्तर वाद वाढविते. तो मिटवीत नाही. नाचणीची योग्यता तिच्या गुणांतून कळली, आणि त्यासाठी वेळ जाऊ द्यावा लागला.

कवीने केलेली निवड आजच्या ज्ञानाशीही विसंगत नाही. नाचणीचे दाणे कीड न लागता वर्षानुवर्षे टिकतात. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते सुमारे १० मिलिग्रॅम असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंड्या येथील संशोधन केंद्रात लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी वाणांच्या संकरातून ‘इंडाफ’ नावाच्या जाती तयार केल्या व नाचणीचे उत्पन्न वाढले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ज्या मुद्देचा डबा उघडण्यास शहरात नोकरीला आलेला खेडुत एके काळी संकोचत असे, तेच धान्य आता महागड्या बिस्किटांच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत मिरविले जाते. दाणा तोच आहे; बदलला तो लोकांचा अभिप्राय. यावरून असे दिसते की अन्नाविषयीची शेरेबाजी बहुधा अन्नाचे मोल सांगत नाही. ते अन्न त्या काळी कोण खात होते, एवढेच ती सांगते.

कुतूहलाचा प्रश्न

सर्वच प्रश्न अपमानाचे नसतात. किंबहुना बहुतेक नसतात. सोसले मठाच्या परंपरेतील माध्व कुटुंबे चातुर्मासात चार महिने चार निरनिराळी व्रते पाळतात. पहिल्या महिन्यात शाकव्रत असते; त्यात भाज्या, फळे व बहुतेक मसाले वर्ज्य असतात आणि मिरी-जिऱ्यावर भागवावे लागते. दुसऱ्या महिन्यात दही वर्ज्य, तिसऱ्यात दूध वर्ज्य, आणि चौथ्यात द्विदल धान्ये, म्हणजे डाळी-कडधान्ये, वर्ज्य असतात. असे व्रत पाळणारा एखादा कारकून मैसूरच्या कचेरीत डबा उघडतो तेव्हा आषाढ-श्रावणात त्याच्या डब्यात भाजी का नाही आणि आश्विन-कार्तिकात डाळ का नाही, हे शेजाऱ्याने विचारले तर त्यात वावगे काही नाही. महाराष्ट्रात आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांद्याची भजी व थालीपीठ पोटभर खाऊन चार महिने कांदा, लसूण आणि वांगी सोडणाऱ्या माणसालाही हाच अनुभव येतो. रमजानमध्ये रोजा पाळणाऱ्या सहकाऱ्याला ‘पाणीसुद्धा नाही?’ असे विचारले जाते, त्यातही बहुधा आश्चर्यच असते.

अशा प्रश्नाला थोडक्यात, खरे आणि शांत उत्तर द्यावे. ‘या महिन्यात आमच्याकडे भाजी खात नाहीत’ एवढे वाक्य पुरेसे असते. येथे दोन चुका संभवतात. पहिली म्हणजे विचारणाऱ्याच्या मनात नसलेला उपहास त्याच्या माथी मारून रागावणे. दुसरी म्हणजे एका वाक्याच्या प्रश्नाला व्याख्यान देणे. व्रत का श्रेष्ठ आहे, पचनसंस्थेला त्यापासून कोणता लाभ होतो, इतरांनीही ते का करावे, असे समर्थन सुरू झाले की ऐकणाऱ्यास आपल्या ताटावर टीका होत असल्याचा भास होतो, आणि कुतूहलाचे रूपांतर वादात होते. स्वतःच्या निवडीचे कारण सांगणे आणि दुसऱ्याच्या निवडीचे मोजमाप करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शब्दांची निवड येथे महत्त्वाची ठरते. ‘मी हे खात नाही’ या वाक्यात केवळ स्वतःविषयी माहिती आहे. ‘आम्ही असले खात नाही’ या वाक्यातील ‘आम्ही’ आणि ‘असले’ हे दोन शब्द समोरच्याला दूर ढकलतात. पहिला शब्द त्याला आपल्या समूहाबाहेर काढतो. दुसरा त्याच्या अन्नाला कमी लेखतो. बोलणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ते तसेच लागते.

आपुलकीचा आग्रह

अभिप्रायाचा दुसरा प्रकार काळजीतून येतो. त्याचे एक बोलके उदाहरण मोहनदास गांधी यांच्या विद्यार्थिदशेत सापडते. ते १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा मांस, मद्य व परस्त्री यांपासून दूर राहण्याचे वचन त्यांनी आईला दिले होते. तेथील एका मित्राला या वचनाची चिंता वाटे. थंड हवेत मांसावाचून प्रकृती बिघडेल आणि इंग्रज समाजात हा तरुण बावळट ठरेल, अशी त्याची समजूत होती. त्याने युक्तिवाद केले. एका तत्त्ववेत्त्याचा ग्रंथही वाचून दाखविला. आपण वादात टिकणार नाही, परंतु वचन मोडणार नाही, अशी भूमिका गांधींनी घेतली. मित्राने तो विषय सोडून दिला. पुढे एकदा होबर्न उपाहारगृहात जेवताना सूप मांसाचे आहे की काय, हे विचारण्यासाठी गांधींनी वाढप्याला बोलाविले तेव्हा मित्र चिडला आणि सभ्य समाजात असे वागावयाचे असेल तर बाहेर जावे, असे त्याने सुनावले. गांधी बाहेर गेले. त्या रात्री त्यांना उपाशी राहावे लागले. पण मैत्री तुटली नाही.

या प्रसंगाचा पुढील भाग अधिक उद्बोधक आहे. आपल्या शाकाहारामुळे मित्राला वाटलेली लाज भरून काढण्यासाठी गांधींनी उंची कपडे शिवले, नृत्याचे धडे घेतले आणि व्हायोलिन विकत घेतले. हा नाद सुमारे तीन महिने टिकला व मग त्यांनी तो सोडला. आपल्या अन्नाबद्दल टीका ऐकणारा माणूस पुष्कळदा असाच वागतो. तो मुख्य गोष्टीवर ठाम राहतो, पण मनातून अपराधी होतो आणि इतर कशाने तरी त्याची भरपाई करू पाहतो : सर्वांना चहा पाजतो, वाजवीपेक्षा अधिक विनोद करतो, आपल्या घरच्या पदार्थांची आपणच आधी थट्टा करतो. कोणताही अपराध घडलेला नसताना केलेली ही भरपाई व्यर्थ होय. तशी गरज नाही, हे तिघा महिन्यांत कळले तर ते भाग्यच समजावे.

महाराष्ट्रात काळजीचे रूप बहुधा आग्रहाचे असते. बढतीचा पेढा, वाढदिवसाचा केक, लग्नाचे लाडू कचेरीत वाटले जातात आणि मधुमेह असलेल्या सहकाऱ्याला ‘एकाने काय होते?’ असे म्हटले जाते. आग्रह हा आपल्याकडे आदरातिथ्याचा भाग असल्यामुळे नकार हा माणसाचाच नकार वाटतो. येथे जुन्या रीतीचाच आधार घेता येतो. प्रसाद हातात घेऊन कपाळाला लावावा आणि घरी न्यावा, हे कोणाला खटकत नाही. त्याचप्रमाणे पेढा आनंदाने स्वीकारावा, अभिनंदन करावे आणि ‘घरी मुलांना देतो’ असे म्हणावे. भेट स्वीकारली गेली. खाण्याची सक्ती मात्र टळली. आजाराची सर्व हकीकत सांगण्याचे बंधन कोणावरही नाही.

डब्यावरील अभिप्रायाचा भार अनेकदा गैरहजर असलेल्या स्त्रीवर पडतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. ‘आज पुन्हा बटाटाच?’ हा शेरा जेवणाऱ्यावर नसून पहाटे उठून डबा भरणाऱ्या पत्नीवर किंवा आईवर असतो. आणि नोकरी करणारी स्त्री स्वतः जेवत असेल तर तिच्या भाताच्या प्रमाणावरून तिच्या बांध्यापर्यंत बोलणे पोहोचते. काळजीचा सूर असला तरी शरीरावर भाष्य करण्याचा अधिकार सहकाऱ्याला मिळत नाही. ‘माझ्या जेवणाचे मी पाहीन’ हे उत्तर अशा वेळी उद्धट ठरत नाही.

अन्नाआडची पायरी

आतापर्यंत विचारात घेतलेल्या प्रसंगांत उत्तर देणारा आणि विचारणारा बरोबरीचे होते. जेथे बरोबरीच नाकारली जाते तेथे प्रश्न वेगळा होतो. पुण्यातील पंचहौद प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातील अनेक प्रतिष्ठित मंडळी गेली होती. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. तेथे चहा-बिस्किटे देण्यात आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसताच ठेवून दिला. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून प्रसिद्ध केली. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांनी त्यांना दोष दिला. चहाच्या चवीविषयी कोणाचीच तक्रार नव्हती. कोण कोणाबरोबर बसला, हाच खरा मुद्दा होता. खासगीतील घोट यादीत नोंदला गेला की माणसांना घर आणि तत्त्व यांत निवड करावी लागते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

याहून कठोर प्रसंग ज्यांच्या वाट्याला आले त्यांना निवड करण्याची संधीही नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाने प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी पिण्यास काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. पदवी, पद आणि वेतन समान असूनही पाण्याच्या भांड्यापाशी समानता संपली. येथे गोड शब्द, विनोद किंवा स्पष्टीकरण यांचा काय उपयोग होणार? आंबेडकरांनी पुढे हा प्रश्न व्यक्तीचा न ठेवता समाजाचा केला, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो माणसांसह प्राशन केले.

कोल्हापूर संस्थानात घडलेल्या एका घटनेत सत्ताधाऱ्याचे कर्तव्य काय असते, हे दिसून येते. संस्थानच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांसाठी राखलेल्या हौदाला स्पर्श केल्याबद्दल बरोबरच्या नोकरांनी बेदम मारले. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना उपाहारगृह काढण्यास साहाय्य केले. परंतु अस्पृश्याच्या दुकानातील चहा कोण पिणार? तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागला. वरिष्ठाने उपदेश केला असता तर लोकांनी माना डोलावल्या असत्या आणि चहा सांडून दिला असता. त्याने स्वतः पेला उचलला म्हणून इतरांना उचलावा लागला.

आज भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे आचरण कायद्याने दंडनीय आहे. म्हणून ज्या अभिप्रायामागे जातीची तुच्छता आहे त्याला ‘थट्टा’ हे नाव देऊन सोडून देणे योग्य नाही. ‘तुमच्यात हे चालते का?’ या प्रश्नाला ‘आमच्यात म्हणजे कोणात?’ असा साधा प्रतिप्रश्न केला की विचारणाऱ्याला आपला हेतू स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो. बहुतेक जण तेथेच थांबतात. जे थांबत नाहीत त्यांची तक्रार वरिष्ठांकडे लेखी करणे, ही पुढची पायरी होय.

नियमाच्या रूपातील अभिप्राय

कधी कधी शेरा कोणी बोलून दाखवीत नाही. तो सूचनाफलकावर लिहिलेला असतो. चेन्नईतील ‘द हिंदू’ या दैनिकाच्या कचेरीत २०१४ च्या एप्रिलमध्ये उपाहारगृहात सामिष अन्न आणू नये, अशी सूचना काढण्यात आली तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये २०२३ साली वसतिगृहाच्या भोजनगृहातील काही टेबले शाकाहारी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवण्यात आली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपयांचा दंड झाला.

अशा नियमांची बाजू मांडणारे म्हणतात की काहींना मांस-मासळीचा वास सहन होत नाही. ही अडचण खोटी मानण्याचे कारण नाही. सुकटीचा किंवा सुक्या बोंबलाचा डबा बंद खोलीत उघडला तर त्याचा वास दरवळतो, हे कोकणी माणूसही मान्य करील. त्याचप्रमाणे हिंगाच्या फोडणीचा किंवा मुळ्याच्या भाजीचा वासही सर्वांना प्रिय नसतो. परंतु अडचण दूर करण्याचे मार्ग दोन असतात. खिडकी उघडणे, घट्ट झाकणाचे डबे वापरणे, वाढण्याचे चमचे वेगळे ठेवणे, जेवणानंतर टेबल पुसणे, या उपायांनी वास आणि खरकटे यांचा बंदोबस्त होतो आणि माणसे एकत्र राहतात. टेबल वेगळे केले की वासाचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. माणसांची वाटणी मात्र निश्चितपणे होते. ज्या देशात पंक्तिभेदाला काही शतकांचा इतिहास आहे तेथे वेगळ्या टेबलाचा अर्थ केवळ सोयीपुरता राहत नाही.

संख्येचा विचारही येथे उपयोगी पडतो. भारत सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ च्या पायाभूत पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील व्यक्तींत शाकाहारी लोकांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे ४० टक्के आणि कर्नाटकात सुमारे २१ टक्के होते. राजस्थानात ते सुमारे ७५ टक्के, तर तेलंगणात दोन टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे जयपूरला ज्याचे अन्न सर्वमान्य असते तोच हैदराबादेस बदली होऊन गेला की अल्पसंख्य ठरतो, आणि हैदराबादचा माणूस जयपुरात. आज आपल्या कचेरीत बहुसंख्य असलेल्याने उद्याच्या बदलीचा विचार करून बोलावे, हे शहाणपणाचे आहे.

उत्तराची रीत

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूत्रे काढता येतात.

पहिले, अभिप्राय ऐकताच तो कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखावे. कुतूहलाला माहिती द्यावी, आपुलकीला आभार द्यावेत, थट्टा हलकी असेल तर हसून सोडावी. तुच्छतेला मात्र हसू नये. हसणे म्हणजे संमती, असाच अर्थ तेथे घेतला जातो. ‘माझ्या जेवणाविषयी असे बोलू नका’ हे वाक्य आवाज न चढविता, सर्वांसमोर, एकदाच म्हणावे.

दुसरे, अन्नाच्या श्रेष्ठत्वाचा वाद टाळावा. तांदूळ आणि नाचणी यांच्या भांडणात शिरणाऱ्याला प्रतिपक्षाच्या ताटातील उणीव शोधावीच लागते. आपला अधिकार आपल्या ताटापुरता आहे आणि शेजाऱ्याचा त्याच्या ताटापुरता, एवढे मान्य केले की युक्तिवादाची गरज राहत नाही.

तिसरे, जे केवळ ऐकत बसलेले असतात त्यांच्यावरही जबाबदारी असते. नव्याने आलेल्या, हाताखालच्या किंवा एकट्या पडलेल्या सहकाऱ्याला स्वतःचा बचाव करणे कठीण जाते. शेजारच्याने विषय बदलला किंवा ‘असू द्या, त्यांना जेवू द्या’ एवढे म्हटले तरी पुष्कळ काम होते. डबे मध्ये ठेवून खाण्याची पद्धत असेल तर ‘तुम्हाला यातले काय चालेल?’ असे विचारावे. जे चालणार नाही ते का चालत नाही, हे विचारू नये.

चौथे, गोष्ट नियमाची असेल तर एकट्याने झगडू नये. फलकावरील सूचना एका माणसाच्या चतुर उत्तराने बदलत नाही. तिच्यासाठी सहकाऱ्यांची सही, संघटनेचा ठराव आणि वरिष्ठांचे वर्तन लागते. यांपैकी वरिष्ठांचे वर्तन सर्वांत परिणामकारक असते. कार्यालयप्रमुख ज्या टेबलावर बसून जेवतो ते टेबल आपोआप सर्वांचे होते.

या सूत्रांनी प्रत्येक शेरा थांबेल, असे नाही. परंतु ज्याला रोज त्याच माणसांबरोबर काम करावयाचे आहे त्याला प्रत्येक वेळी विजय मिळविण्याची आवश्यकताही नसते. झाकण उघडे ठेवून, संकोच न बाळगता आपल्या घरचे अन्न खाता यावे आणि शेजाऱ्यालाही तसेच खाता यावे, एवढेच त्याला हवे असते. कोणत्याही कचेरीची पंगत खरोखर समान आहे की नाही, हे पाहावयाचे असेल तर तेथे सर्वांत खालच्या पगारावर काम करणारा माणूस आपला डबा कोठे बसून उघडतो, हे पाहावे.